शेळीचे प्रारब्ध, आपले क्रियमाण

ओझरास कीर्तन आटोपल्यावर एका माळकरी शेतकऱ्याने आम्हांस मोबाइलवर गंमत दाखविली. अमेरिकेतल्या शेळ्या, दचकल्या की ताठ होऊन आडव्या पडतात. मंडळी हसली, आम्हीही हसलो. तो म्हणाला, "महाराज, आपल्या संगमनेरी शेळ्यांत असला बोकड आणला तर? पोरं खूश होतील, कुंपणावरून उड्याही मारणार नाहीत."

आमचे हसू मावळले. ही शेळी बेशुद्ध होत नाही. तिचे स्नायू आखडतात, काही क्षण सुटत नाहीत. जाणीव जागीच असते. हा दोष वंशाने उतरतो. १८८० च्या सुमारास अशा शेळ्या टेनेसी प्रांतात आल्या, नि लोकांनी निवडून त्यांची पैदास केली. असाच विकार माणसांतही आहे. थॉमसेन नामक डॉक्टराने १८७६ साली तो स्वतःच्याच घराण्यात असल्याचे लिहिले. त्या घरचे मूल पडताना आपण हसलो असतो काय?

कोणी म्हणेल, दुधाळ शेळी निवडतो, तीही निवडच ना? होय, पण दूध हा गुण, पडणे हे व्यंग. जन्मास आलेल्या जिवाचे व्यंग हे त्याचे प्रारब्ध; त्यास सांभाळावे, हा धर्म. पण तेच व्यंग करडांत उतरावे म्हणून जोडी लावणे, हे आपले क्रियमाण. आमच्या निफाड तालुक्यात उसात बिबट्या दडलेला असतो. त्याच्यापुढे ते करडू पळणार कसे?

शेतकऱ्याने मोबाइल खिशात घातला. भूतदया कीर्तनात सोपी, गोठ्यात अवघड. रामकृष्णहरि!