लेकराला सूट नाही

विधी मुखर्जी यांचं 'डेव्हिल्स डॉटर' वाचून नात उठली ती वादाच्या तयारीनंच. शीना बोरा खून प्रकरणात इंद्राणी मुखर्जींना ऑगस्ट २०१५ मध्ये अटक झाली, तेव्हा त्यांची धाकटी मुलगी विधी विशीच्या आतली होती. लोकांना इंद्राणीची बहीण म्हणून सांगितलेली शीना त्यांचीच मुलगी निघाली. प्रेत टाकल्याचा आरोप आहे तो गागोद्याजवळ, म्हणजे आजोबांच्या चिरनेर गावाच्या शेजारच्या पेण तालुक्यात.

"आजोबा, अशा मुलीनं करायचं काय?"

"खटला संपलाय?" निवृत्त मास्तरांचा सवाल.

"नाही."

"मग तिनं तरी निकालाची घाई का करावी?"

"कोर्ट पुढची तारीख देतं. तिला मात्र आज रात्री आईला फोन करायचा की नाही, हे आजच ठरवावं लागतं."

आजोबांनी गावचा दाखला काढला. २५ सप्टेंबर १९३०. अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह, पोलिसांचा गोळीबार, आठ सत्याग्रही ठार. मामलेदार जोशीही मारले गेले. मग धरपकड आणि खटला. आरोपींच्या बचावाला डॉ. आंबेडकर उभे राहिले. "तेव्हा सरकारदरबारी सत्याग्रहींची पोरं म्हणजे दंगलखोरांची पोरं. आता दर २५ सप्टेंबरला पोलीसच हुतात्म्यांना सलामी देतात."

"तिथं अख्खा गाव बापांच्या पाठीशी होता. आणि मामलेदारांच्या घरच्यांचं काय?"

दाखला लंगडाच होता. मास्तरांनी मग ग्रंथ गाठले. प्लेटोच्या 'युथिफ्रो'त मुलगाच बापावर खुनाची फिर्याद घेऊन निघतो आणि सॉक्रेटिस त्याच्या ठाम खात्रीलाच हात घालतो. कन्फ्यूशियसचं म्हणणं उलटं: बापानं मेंढी चोरली तर मुलानं झाकावं.

"मेंढी आणि माणूस एक नाही, आजोबा."

"नाहीच. आपल्या कायद्याचं बघ. नवरा-बायकोचं खासगी बोलणं सहसा कोर्टात उघड करता येत नाही. जोडीदारानं गुन्हेगाराला आसरा दिला, तर तोही गुन्हा धरत नाहीत. लेकराला यातली एकही सूट नाही."

"म्हणजे आईनं रात्री जवळ बसून काही सांगितलं, तर तेही कोर्टात सांगायचं?"

"साक्षीला बोलावलं तर जावं लागतं. आई तुरुंगात असेल तर भेटायला जावं, कपडे, पुस्तकं न्यावीत. त्यात कसली लाज? खोटं मात्र बोलू नये."

"आणि खरं माहीत आहे, पण कोणी विचारलंच नाही तर?"

मास्तर अडले. मग म्हणाले, "आधी वकील गाठावा. आईचा नाही, स्वतःचा."

"फी आईच्याच पैशातून?"

"बायका-मुलांना विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं. १९८७ चा कायदा आहे."