प्रत्यक्ष, आप्तवचन आणि मुलांचे विज्ञानगृह

जेथे ‘हात लावू नये’ हा मनाईहुकूम नसून उलट प्रत्येक उपकरण हाताळण्याची मुभा आहे, असे विज्ञानगृह मुलांसाठी काढावे अशी तजवीज एखाद्या गावात सुरू झाली, की श्रद्धावान वडीलमंडळींपैकी कोणीतरी एक शंका काढतोच, आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी खचित नाही : सर्व काही स्वतः पडताळण्याची सवय ज्या मुलाला जडली, ते पुढे कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवणार?

नैयायिकांनी ज्ञानाची प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द (म्हणजे आप्तवचन) अशी चार प्रमाणे मानली. चार्वाकांनी प्रत्यक्षापलीकडे पाऊल टाकले नाही. वरवर पाहता असले विज्ञानगृह चार्वाकांच्या पक्षाचे वाटेल. पण तेथील एक अगदी साधा प्रयोग पाहावा. एकाच खोलीत रात्रभर ठेवलेली लोखंडाची पट्टी आणि लाकडाची फळी यांवर मूल दोन्ही तळवे टेकते आणि लोखंड गार असल्याची ग्वाही देते. मग उष्णतामापक लावला, तर पारा दोहोंवर एकाच रेषेशी थांबतो. मूल पुन्हा हात लावते, पुन्हा पाऱ्याकडे पाहते, कपाळाला आठ्या घालते. लोखंड हाताची ऊब झपाट्याने ओढून घेते आणि लाकूड सावकाश, एवढेच त्यातले रहस्य. परंतु ते उलगडेपर्यंत त्या बालकाला प्रत्यक्षाची मर्यादा आणि अनुमानाची गरज, या दोन्ही गोष्टींचा साक्षात् अनुभव आलेला असतो. आपल्या इंद्रियांवरचा आंधळा विश्वास जेथे ढळतो, त्या स्थळाला नास्तिकांची शाळा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

1969 साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्स्प्लोरेटोरियम’ हे असेच विज्ञानगृह स्थापन करणारे पदार्थवैज्ञानिक फ्रँक ओपेनहायमर हे रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे बंधू. 1945 साली न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झालेल्या पहिल्या अणुस्फोटाचे फ्रँक साक्षीदार होते. पुढे 1949 साली राजकीय संशयापायी त्यांना विद्यापीठातील जागा सोडावी लागली, आणि कोलोरॅडोत गुरे पाळून त्यांनी कित्येक वर्षे काढली, तेथल्याच ग्रामीण शाळेत मुलांना विज्ञानही शिकवले. निसर्ग आपल्याला समजू शकतो हा भरवसा ज्या माणसांनी गमावला, ती सार्वजनिक व्यवहार समजून घेण्याचीही उमेद सोडतात, अशी त्यांची धारणा होती. ज्ञानाचे भयंकर सामर्थ्य डोळ्यांनी पाहिलेल्या मनुष्याने ते मूठभरांच्या हाती कोंडून ठेवण्याऐवजी मुलांपुढे मोकळे करावे, यात मला एक धार्मिक वृत्ती दिसते. उपकरणे बनवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा कारखानाही त्यांनी प्रेक्षकांच्या नजरेसमोरच ठेवला, आणि समजावून सांगण्याच्या कामावर शाळकरी मुलामुलींना नेमले.

या नेमणुकीतच मूळ शंकेचे उत्तर आहे. वात्स्यायनांच्या न्यायभाष्यात आप्ताचे लक्षण असे सांगितले आहे, की ज्याने विषय स्वतः जाणला आणि जसा जाणला तसाच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त; आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. तेव्हा प्रयोग करून पाहिलेली सोळा वर्षांची पोर तेवढ्या विषयापुरती आप्तच होय. दूरच्या ताऱ्याचे अंतर कोणतेही मूल मोजू शकणार नाही, तेथे शब्दावाचून गत्यंतर नाही. मात्र कोणाचा शब्द घ्यावा, याची पारख त्याला येथे लाभते.

म्हणून चालकांचे दायित्व मोठे आहे. कळ दाबली, दिवा लागला, मूल पुढे पळाले, यात त्याने काही जाणले असे मला वाटत नाही. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडवण्याचा शिरस्ता पाडला, तो मला फार मोलाचा वाटतो. जे घरी पुन्हा बांधता येते, त्यात संस्थेला काही लपवता येत नाही. आणि जेथे मुले मनसोक्त हाताळतात तेथे मोडतोड होणारच. मोडके यंत्र ‘बंद आहे’ अशी पाटी लावून ठेवले, की त्यातून काय दिसले असते हे मुलाला पुन्हा दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकावे लागते. यास्तव देणगीदारांपुढे जमाखर्च मांडताना दुरुस्तीची रक्कम संकोचाने तळाशी न दडवता पहिल्याच कलमात लिहावी.