विश्रांतीनंतरचा पहिला शॉट

एअर रायफलमधून हवा गळत असेल तर कान लावला की कळतं, ओ-रिंग बदलली की काम होतं. मला भीती वाटते ती नऊ शॉट नीट मारून दहावा भलतीकडे टाकणाऱ्या रायफलची. कारण अशा वेळी दोष हटकून नेमबाजाच्या माथी बसतो.

10 मीटरच्या स्पर्धेत छर्रा सेकंदाला साधारण 170 मीटर वेगाने निघतो आणि लक्ष्यापर्यंत जाताना सुमारे 17 मिलिमीटर खाली उतरतो. वेग 165 वर आला, तर 18. फरक 1 मिलिमीटरचा. पण 2013 पासून पात्रता फेरीतही दशांश गुण धरले जातात, आणि त्या हिशेबात 1 मिलिमीटर म्हणजे 0.4 गुण. श्वास, ट्रिगर, सगळं चोख असूनही 10.6 चे 10.2 होतात.

आमच्याकडे सराव करणारी एक मुलगी हेच सोसत होती. जरा थांबून मारलेला शॉट वर जायचा. ‘सर, थांबले की माझं मन भरकटतं,’ असं ती म्हणायची. सहा महिने तिने हे खरं मानलं होतं.

वेग मोजायला बसलो तेव्हा आधी क्रोनोग्राफवरच संशय घेतला. तो दोन सेन्सरवरून सरकणारी छऱ्याची सावली टिपतो, आणि आपल्या विजेवरची जुनी ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. त्या उजेडातले आकडे खोटं बोलू शकतात. म्हणून दिवसाच्या उजेडात बसलो. रायफलला स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही, आकडे मात्र क्रमाने लिहायचे, एवढंच ठरवलं.

क्रमाने, कारण सरासरी सगळं झाकून टाकते. वेग एकसारखा उतरत गेला, तर सिलिंडरमधला दाब रेग्युलेटरच्या ठरवलेल्या दाबाखाली गेलेला असतो. आकडे वाटेल तसे विखुरले, तर छर्रे तपासावेत, 4.49 आणि 4.50 मिलिमीटरचे मिसळले आहेत का ते पाहावं. नाहीतर हॅमरच्या वाटेतलं सुकलेलं ग्रीस काढावं. पावसाळ्यात हातपंपाने भरलेल्या सिलिंडरमध्ये ओल शिरते, तीही लक्षात ठेवावी.

तिच्या रायफलचे दहा शॉट 170-171 च्या आत होते. मग पंधरा मिनिटं रायफलला हात लावला नाही. पुढचा शॉट 177. त्यानंतर पुन्हा 171, 170.

रेग्युलेटर सिलिंडरमधली 200 बारची हवा कमी दाबावर आणून पुढच्या छोट्या कप्प्यात देतो आणि आपली वाट बंद करतो. ती बंद करणाऱ्या सीटवर केसाएवढा ओरखडा असला तरी हवा झिरपत राहते. एकामागोमाग शॉट मारताना त्या हवेला साचायला वेळ मिळत नाही. थांबलं की कप्प्यात दाब चढतो. मन नव्हे, दाब.

अशा वेळी हॅमरची स्प्रिंग, रेग्युलेटर, छर्रे सगळं एकाच संध्याकाळी बदलायचा मोह होतो. मी स्वतः तसं केलं आहे. रायफल सुधारली, पण कशामुळे ते कळलं नाही, आणि तीच तक्रार परत आली तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. म्हणून आता एका वेळी एकच गोष्ट. रायफल रिकामी करून जाणत्या कारागिराकडून फक्त सीट बदलून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने पंधरा मिनिटं वाट पाहून शॉट मारला. 171. ती काही बोलली नाही. वही उघडून आकडा लिहिला, शेजारी वेळ लिहिली, आणि आणखी अर्धा तास थांबायचं का म्हणून विचारलं.