वर्ग तुझ्या पट्टीत गाणार नाही

बस. पाठाचं टाचण मी नंतर तपासते, आधी ऐक.

आज पाचवीला तू भूप शिकवला नाहीस, गायलास. तासातला निम्मा वेळ तुझ्याच ताना चालल्या होत्या आणि पोरं आ वासून बघत होती. तू विशारद झालास, गळा तयार आहे, हे मला ठाऊक आहे. पाचवीतल्या पोरांपुढे ते सिद्ध करायची गरज काय?

पेटीवर काळी दोन धरलीस, कारण ती तुझी पट्टी. दहा वर्षांच्या मुलांचा गळा काळी चार-पाचला मोकळा होतो, एवढं तुला कळू नये? अंतरा तार षड्जावर गेला तशा त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या. निम्मी किंचाळली, बाकीची गप्प झाली. त्यातल्याच एका मुलीला तू सगळ्यांदेखत म्हणालास, "तुला गळाच नाही." पट्टी चुकवलीस तू आणि बोल तिला लावलास! लहानपणी असं एक वाक्य ऐकून पुन्हा कधीच न गायलेली माणसं मी पाहिली आहेत. हे मी खपवून घेणार नाही.

वर मलाच सांगतोस, मुलं ऐकत नाहीत, वर्ग हाताबाहेर जातो. तू त्यांचं कधी ऐकलंस? हातावर ताल धरायला एकाला तरी पुढे बोलावलंस? स्नेहसंमेलनात चार तयार गळे पुढे उभे केलेस, बाकीच्यांना मागे नुसते ओठ हलवायला लावलेस, आणि आलाप स्वतः घेतलास.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. बुवा स्वतः थोर गवई, तरी त्यांनी जीव ओतला तो शिकवणारी माणसं घडवण्यात. म्हणून तर त्यांच्या शिष्यांपैकी देवधर मास्तरांनी १९२५ साली मुंबईत आणि विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात आपापली विद्यालयं उभी केली. तू एक दिवस आला नाहीस, तर तुझ्या वर्गातलं एक तरी पोर पुढे येऊन प्रार्थनेचा स्वर देईल का? नाही देणार, कारण तशी संधीच तू कुणाला दिली नाहीस.

मान वर कर. सोमवारचा तासही तुझाच आहे. त्या मुलीची माफी माग, आणि ती वर्गासमोर माग. पेटीवर काळी चार धर, पहिला स्वर मुलांना लावू दे. टाचण नव्याने लिहून आण. या टाचणावर माझी सही मिळणार नाही.