निश्चल देहातील जाग

मेहरूण तलावाच्या बाजूला राहणाऱ्या एका कुटुंबाने काही वर्षांपूर्वी मला मध्यरात्री रुग्णालयात बोलावून घेतले. घरातील कर्ता पुरुष अतिदक्षता विभागात होता. श्वासनलिकेत नळी, कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू, हातपाय निपचित. परिचारिका म्हणाली, "फादर, पेशंट आता अगदी शांत आहे." पवित्र तेल लावण्यासाठी मी त्याच्या कपाळाला स्पर्श केला, तेव्हा त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळले. यंत्रावरचा नाडीचा आकडा चढत होता. शांत माणसाची नाडी अशी धावते काय?

उत्तर पुढे एका भूलतज्ज्ञ मित्राकडून कळले. तातडीने नळी घालताना गुंगीचे औषध आणि लगोलग स्नायू लुळे पाडणारे औषध देतात. एटोमिडेटसारख्या औषधाची गुंगी पाच ते पंधरा मिनिटांत ओसरते. रोक्युरोनियमने आलेला लुळेपणा मात्र अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही अधिक टिकतो. मधल्या काळात गुंगी व वेदनाशमन चालू ठेवले नाही, तर माणूस जागा होऊ शकतो. तो ऐकतो, नळी सोसतो. परंतु पापणीही हलवू शकत नाही. जमिनीवर निजलेल्याला मण्यार चावली की असेच होते. स्नायू लुळे पडतात, शुद्ध मात्र असू शकते, आणि तो गेला असे समजून उशाशी चाललेली रडारड त्याला ऐकू येत असते.

डॉक्टरमंडळींनाही हे सहज उमगले नाही. क्युरारे या लुळे पाडणाऱ्या द्रव्याने भूलही येते, असा काहींचा समज होता. 1947 साली अमेरिकेतील डॉ. स्कॉट स्मिथ यांनी ते स्वतःच्या शरीरात टोचून घेतल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. देह पूर्ण निश्चल झाला, पण भान व वेदनेची जाणीव अबाधित राहिली.

मग गुंगी का दिली जात नाही? गुंगीच्या औषधांनी रक्तदाब उतरतो, आणि आधीच कोसळलेल्या रुग्णाला ते झेपत नाही, असे सांगितले जाते. हा आक्षेप पोकळ नाही. तथापि केटामाइन आहे, थोड्या थोड्या मात्रेत फेंटानिल देता येते. खरे कारण पुष्कळदा निराळे असते: जो तक्रार करीत नाही, त्याला दुःख नाही असे आपण धरून चालतो. गरिबांविषयीही आपण हेच करतो.

आम्हा धर्मगुरूंच्या प्रवचनांतून सोसण्याचे कौतुक जरा जास्तच झाले आहे, हे कबूल केले पाहिजे. स्वतःचे दुःख कोणी स्वेच्छेने स्वीकारले तर ते अर्पण होते. दुसऱ्याच्या निष्काळजीपणाने लादलेले दुःख अर्पण कसे होईल? फेब्रुवारी 1957 मध्ये पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना, अन्य उपाय नसेल तर शुद्ध हरपली वा आयुष्य काहीसे घटले तरी वेदनाशमन उचित ठरू शकते, असे सांगितले होते. विनाकारण शुद्ध हिरावू नये, हेही त्यांनी बजावले होते.

अवघड प्रश्न पुढेच आहे. मिडाझोलाम स्मृती पुसते. जे आठवणारच नाही, ते दुःख घडले असे म्हणावे काय? आमचा तो मनुष्य बरा होऊन घरी आला. त्या रात्रीचे त्याला काहीच आठवत नाही. पत्नी म्हणते, "बरेच झाले, फादर." एका अर्थी तिचे खरेच आहे, पुढची दुःस्वप्ने तरी टळली. पण मी ते पाणी पाहिले होते. ज्या घटकेला तो रडला, त्या घटकेला त्याचे दुःख पुरते त्याचे होते, आणि उद्याचे विस्मरण त्या घटकेला त्याच्या उपयोगी पडले नाही.

आता अतिदक्षता विभागात गेलो की तेलाची कुपी उघडण्यापूर्वी मी विचारतो, "डॉक्टर, गुंगी चालू आहे ना?" काही जण रागावतात.