स्वस्तात गाडी घेतलीस, पुढचं कोण बघणार?

म्हैसूरच्या चामुंडी टेकडीवरून उतरताना ब्रेकचं पेडल तळाला गेलं, आणि हे तू मला हसत सांगतोस? "सर, दोन-तीनदा दाबलं, मग लागला." शेजारच्या सीटवर तुझा मित्र, मागे तुझी आई आणि मावशी. रविवारची सकाळ. त्या वळणांवर माणसं पायी उतरत असतात, नंदीच्या मूर्तीपाशी पोरं रस्ता ओलांडत असतात. तिसऱ्या वेळीही लागला नसता तर काय केलं असतंस? उत्तर नाहीये तुझ्याकडे. म्हणून आधी ते हसणं बंद कर आणि ऐक.

जुनी गाडी घेतलीस म्हणून मी चिडलोय असं वाटत असेल, तर ते डोक्यातून काढून टाक. पहिल्या नोकरीत सात वर्षांच्या हप्त्यांत मान अडकवून नवी कोरी गाडी दाराशी लावणाऱ्यांपेक्षा सव्वा लाखात 2011 ची सँट्रो घेणारा मुलगा मला शहाणाच वाटतो. अंथरूण पाहून पाय पसरलेस, चांगलं केलंस. पण हातात होता तो पैसा तू सगळाच्या सगळा दलालाच्या हातावर ठेवलास. गाडी सुरक्षित ठेवायला लागणारे पैसे तुझ्या हिशेबात कुठेच नव्हते. ते कोणी भरायचे? परवा ते तुझ्या आईनं भरले असते, नाहीतर रस्त्यावरच्या कुणातरी अनोळखी माणसानं.

ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून मी तुला आत बघायला लावलं. काळपट तपकिरी, तळाशी गाळ. शेवटचं कधी बदललं, तुला माहीत नाही. विकणाऱ्यालाही माहीत नसणार. वर्कशॉपमध्ये मी तुमच्या बॅचला हे फळ्यावर लिहून दिलं होतं: ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. कोरं डॉट 3 ऑइल उकळायला किमान 205 अंश सेल्सिअस लागतात. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तोच आकडा 140 पर्यंत खाली येतो. उतारावर सारखा ब्रेक दाबून धरलास की डिस्क आणि ड्रम तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत पोचते, ऑइलला उकळी फुटते आणि वाफेचे बुडबुडे धरतात. वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, पण जोर चाकापर्यंत पोचतच नाही. तू पेडल दोन-तीनदा मारलंस म्हणून त्या वेळी तेवढ्यापुरतं भागलं. याच्या जोरावर तू पुन्हा डोंगर चढायला निघणार होतास. ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि त्याला शंभरांत मोजता येईल एवढाच खर्च येतो. सीट कव्हरला तू त्याच्या कितीतरी पट पैसे दिलेस.

आणि न्यूट्रलमध्ये का उतरत होतास? पेट्रोल वाचावं म्हणून! ऑटोमोबाईलचा डिप्लोमा घेतलेल्या मुलाच्या तोंडी हे ऐकून मला लाज वाटली. तुझ्या गाडीला कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलास की उतारावर पेट्रोलचा पुरवठा बंद होतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये टाकलीस की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावंच लागतं. म्हणजे थेंबही वाचला नाही, वर इंजिनाचा ब्रेक हातचा घालवलास आणि सगळा भार त्या उकळत्या ऑइलवर टाकलास. घाट ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. हे शिकवायला कॉलेज लागत नाही, आपल्याकडचा कुठलाही जुना एसटी ड्रायव्हर सांगेल.

सीट कव्हरचा विषय निघालाच आहे तर तेही ऐक. मागच्या सीटचे पट्टे कुठे आहेत, असं मी विचारलं तेव्हा तू इकडेतिकडे बघायला लागलास. कव्हर बसवणाऱ्यानं दोन्ही बकलं फटीत खोचून वरून शिवण मारली आहे. बोट घालून चाचपलं तेव्हा ती हाताला लागली. तुझ्या आईला पट्टा लावायची सोयच तू ठेवली नव्हतीस. गाड्यांना चालकापुढची एअरबॅग आणि एबीएस आपल्याकडे 2019 मध्ये सक्तीचं झालं. तुझ्या गाडीत दोन्ही नाही. 2014 च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगानं आदळून पाहिल्या. अल्टो, नॅनो, आय-10, फिगो, पोलो. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. तुझी गाडी त्याच काळातली, त्यांच्याही आधीची. तिच्यात माणसाला धरून ठेवणारी एकच गोष्ट आहे, तो पट्टा, आणि तोच तू झाकून टाकलास. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले. गाडी किती महागाची होती! मागच्या सीटवर पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. ती शिवण आज उसव. घरी ब्लेड आहे.

आता टायर. नक्षी खोल दिसते म्हणून तू खूश होतास. गाडी बरीच वर्षं उभी होती, नक्षी झिजणार कशी? वाकून टायरच्या कडेवरचे चार आकडे वाच, म्हटलं. 3415. म्हणजे 2015 सालातला चौतिसावा आठवडा. दहा वर्षांचं रबर आहे ते. कडेला नख लावलं तर बारीक चिरा दिसतात, मी दाखवल्या. म्हैसूरच्या गल्लीबोळांत हे कदाचित खपून जाईल. पण तू ही गाडी बंगळूरच्या एक्स्प्रेसवेवर घालणार होतास. ताशी 100 किलोमीटरची परवानगी असलेला तो 118 किलोमीटरचा रस्ता मार्च 2023 मध्ये खुला झाला. तिथल्या अपघातांमुळे त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून दुचाक्या, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना मुख्य मार्गावर बंदी घालावी लागली. भर उन्हात, गाडीत पाच माणसं आणि सामान, वेग शंभर, आणि दहा वर्षांचं चिरलेलं रबर. टायर फुटला की स्टिअरिंग कुणाच्या हातात राहतं? चार टायरांना पंधरा हजारांच्या आसपास लागतील. नाहीत म्हणतोस. मग गाडीही परवडत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. चार आण्याची कोंबडी घेतलीस, आता बारा आण्याचा मसाला तुलाच आणावा लागेल.

टायमिंग बेल्ट कधी बदलला, हेही तू विचारलं नाहीस. "मेकॅनिकला दाखवून घेतली, सर." कुणाचा मेकॅनिक? दलालानंच बोलावलेला! विकणाऱ्याच्या माणसानं विकणाऱ्याचा माल चांगला म्हटला, आणि तू मान डोलावलीस. तो बेल्ट तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. मीटरवर बासष्ट हजार दिसतात आणि क्लचच्या पेडलचं रबर पत्र्यापर्यंत झिजलेलं आहे. या दोन गोष्टी एकत्र बसतात का, एवढा विचारसुद्धा मनात येऊ नये?

तू तर सांगलीचा. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा बॉनेटपर्यंत बुडालेल्या गाड्या तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या आहेस. अशा गाड्या पुढे जातात कुठे? धुऊन, पॉलिश मारून दूरच्या गावात विकायला निघतात. गाडी बघायला गेलास तेव्हा पायाखालचं कार्पेट उचलायचं, सीटच्या रुळांवर गंज आहे का बघायचं, डिक्कीत स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात गाळ बसलाय का हात घालून बघायचं. तू गाणी लावून स्पीकर तपासलेस. मी कार्पेट उचललं, सगळं कोरडं आणि स्वच्छ निघालं. इंजिन ऑइलच्या झाकणाखालीही पांढरा फेस नाही, म्हणजे हेड गॅसकेट शाबूत आहे. गाडीचा पिंड चांगला आहे रे. म्हणून तर जास्त राग येतो.

आणि आता ती गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त लागली. गाडी अजून तुझ्या नावावर नाही. ग्लोव्ह बॉक्समध्ये मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30 पडलेत, खाली सह्या, वर सगळं कोरं. दलाल म्हणाला, "आरामात करा, पुढे विकायची झाली तर बरं पडेल", आणि तू ऐकलंस. आरसीवर नाव आहे सरस्वतीपुरममधल्या एका निवृत्त गृहस्थांचं. विश्वासानं सह्या देऊन ते मोकळे झाले. कायदा तुला माहीत नसेल तर सांगतो. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्यानं 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. तुझी मुदत केव्हाच उलटली. 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी तो लिहिला. त्या खटल्यातली गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली. 2009 मध्ये तिच्या धडकेत एक मुलगा गेला. न्यायालयानं सांगितलं की कायद्याच्या नजरेत मालक तोच, ज्याचं नाव नोंदीत आहे, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. परवा चामुंडीवर तुझ्या हातून कुणी दगावलं असतं, तर नोटीस त्या म्हाताऱ्या माणसाच्या दारात गेली असती. त्यांनी तुझं काय वाकडं केलं होतं?

विमाही पुढच्या महिन्यात संपतोय आणि तोही त्यांच्याच नावावर. 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीला थर्ड पार्टी विम्याचा दर वर्षाला 3,416 रुपये आहे, वर जीएसटी. 2022 पासून तोच आहे. तेवढे पैसे भरायला तुला उधारी करावी लागणार नाही. येत्या मार्चात गाडीला 15 वर्षं पूर्ण होतील, मग पासिंग. नूतनीकरणाची फी 5,000 रुपये, उशीर केलास तर महिन्याला 500 वेगळे. पुढची पाच वर्षं मिळतील, पण ती तपासणीत टिकली तरच. पीयूसी संपलेलं आहे, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावलेली नाही. त्यावर मी शब्द वाया घालवत नाही, या आठवड्यात करून टाक. इंधनाच्या नळ्या मात्र एकदा नीट बघून घे. पंपांवर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि तुझ्या गाडीचं रबर त्या काळासाठी बनलेलं नाही. नळी कडक झालेली किंवा ओलसर दिसली तर लगेच बदल, इंजिन गरम असताना तिथे गळती परवडत नाही.

जुन्या गाड्या चालत नाहीत, असं कुणी म्हणालं तर मी त्याला यादवगिरीचा रस्ता दाखवतो. तिथला आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. त्या कारखान्यात बनलेल्या जावा आणि येझदी मोटारसायकली या गावात आजही धडधडत जातात. ती जुनी कंपनी उरली नाही, तरी चालतात, कारण मालक रविवारी स्वतः हात काळे करतो, केबल बदलतो, पॉइंट साफ करतो, मिळत नाही तो भाग लेथवर करून घेतो आणि कागद जपून ठेवतो. त्या माणसांना गाडीची किंमत विचारलीस तर सांगता येणार नाही, पण ऑइल कधी बदललं ते तारखेसह सांगतील. तू त्यांच्याच गावात राहतोस. तुझ्याकडून मी तेवढीच अपेक्षा ठेवली होती, कारण माझ्या वर्गात इंजिन उघडून पुन्हा चालू करणारा पहिला मुलगा तू होतास. ज्याला काही कळत नाही त्याला मी एवढं बोलत नाही.

तर आता काय करायचं ते ऐक. गाडी आहे तिथेच उभी राहील. मेकॅनिक तू शोधायचा नाहीस, मी सांगेन त्याच्याकडे ती टो करून न्यायची. आधी ब्रेक ऑइल, लायनिंग आणि चाकांचे सिलिंडर, मग बेल्ट, मग टायर. टायर एकदम जमत नसतील तर दसरा संपेपर्यंत बसनं हिंड. या गर्दीत असली गाडी रस्त्यावर आणायची काही गरज नाही. सोमवारी सकाळी रजा टाक. त्या गृहस्थांच्या घरी जा, पायांत चप्पल न ठेवता दारात उभा राहा आणि उशीर झाल्याची माफी माग. सांगतील त्या दिवशी त्यांच्यासमोर फॉर्म भर आणि आरटीओची पावती त्यांच्या हातात दे, म्हणजे त्यांनाही रात्री शांत झोप लागेल. आईला आणि मावशीला मिरजेपर्यंत रेल्वेनं पाठव, तिकिटं आजच बघ. दिवाळीला गाडी सांगलीला न्यायची म्हणतोस ना? ने. निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे घेऊन ये, मी स्वतः खाली वाकून बघेन.