फ्लेक्सवरचा अ‍ॅक्च्युअरी

ये. बस. चहा सांगितलाय, तो येईपर्यंत तू काही बोलायचं नाहीस.

परवा लग्नाला तुमच्या गावात आलो होतो. मूर्तिजापूरहून आत वळलं की पहिलंच घर तुमचं. भिंतीवर फ्लेक्स. अडीच वर्षांच्या उन्हानं तुझं तोंड पांढरंफटक पडलंय, गॉगल तर पार उडालाय, पण खालची ओळ अजून ठसठशीत: ‘अ‍ॅक्च्युअरी झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. ओसरीत तुझे बाबा भेटले. म्हणाले, ‘‘सर, पोरगं पास झालं म्हन्ते, मंग नौकरी काऊन नाई लागत?’’ जन्मभर अमरावतीत संख्याशास्त्र शिकवलं मी, पण त्या माणसापुढे मला उत्तर देता आलं नाही. पाणी पिऊन निघालो.

काय पास झालास रे तू? एसीईटी. अ‍ॅक्च्युअरी, म्हणजे विम्याची जोखीम मोजणारा, व्हायच्या वाटेवरची प्रवेश परीक्षा. बारावी झालेलं कुठलंही पोट्टं तिला बसू शकतं. शंभर मार्कांचा पेपर, त्यातले साठ गणित आणि संख्याशास्त्राचे, पन्नास पडले की झालं. सोपी नाही, कबूल. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला तू ती काढलीस तेव्हा मीही पेढा खाल्ला होता. पण पेढे वाटून तू फाटकातच बसून राहिलास. आत जायचं म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाचं विद्यार्थी सभासद व्हायचं. अर्ज, कागदपत्रं, फी. बस्स. त्यानंतर खरे पेपर सुरू होतात. आणि त्या एसीईटीच्या निकालाची मुदत तीन वर्षं. तुझे सहा महिने उरलेत. आज येऊन विचारतोस, ‘सर, मेंबरशिप घेऊ का?’ अडीच वर्षं काय मुहूर्त पाहत होतास?

फी फार आहे म्हणतोस. पुण्याच्या क्लासला बाबांनी पैसे दिले ते कापूस विकून, ते विसरला नसशील. क्लासवाल्यांनी तुझा फोटो छापला, तुला वाटलं झालं. सभासदाची फी त्या क्लासच्या फीपुढे किती, ते तूच मांड. मी मांडून दिलं तर तुला लाज वाटेल.

दुसरं कारण तर तू दारातच सांगितलंस. ‘वऱ्हाडात याला स्कोप नाही सर.’ हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतोय, आणि दर वेळी ते न वाचणाऱ्यानंच म्हटलेलं असतं.

तुझ्या घरी पीक विम्याची पावती आहे ना? तिच्यावर हप्ता असतो, विमा संरक्षित रक्कम असते. तो हप्ता ठरवतो कोण? तलाठी? कृषी सहायक? बाबू, त्यामागे कुठल्या तरी विमा कंपनीतला अ‍ॅक्च्युअरी बसलेला असतो. 2023च्या खरिपात सरकारनं एक रुपयात विमा दिला, तेव्हा गावात सगळ्यांना वाटलं हप्ताच एक रुपया झाला. अरे, हप्ता होता तेवढाच होता, शेतकऱ्याच्या वाट्याचा भार सरकारनं उचलला होता. 2025मध्ये ते बंद झालं आणि पुन्हा सोयाबीनला जास्तीत जास्त दोन टक्के, कपाशीला जास्तीत जास्त पाच टक्के आले. वरचा फरक केंद्र आणि राज्य भरतं. पारावर बसून कंपन्यांना शिव्या द्यायला तू पुढे असतोस. शिव्या द्यायला हरकत नाही. आकडा कुठून येतो ते समजून दे.

हा घे कागद. कॅल्क्युलेटर खिशात ठेव. समज, तुमच्या महसूल मंडळाचं उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याच्या खाली गेलं की भरपाई मिळते ते, हेक्टरी 1000 किलो. पीक कापणी प्रयोगात यंदा निघालं 750. विमा संरक्षित रक्कम 50,000. भरपाई किती?

बारा हजार पाचशे. बरोबर, पण एवढा वेळ लागायला नको होता. आता असं दहा वर्षांत दोनदा होतं असं धर. वर्षाला किती बाजूला काढावे लागतील?

अडीच हजार. म्हणजे पन्नास हजारांचे पाच टक्के. दिसलं? नुसतं नुकसान भरून काढायला एवढे लागले, खर्च अजून धरलेलाच नाही. आणि गोम पुढेच आहे. अमरावतीच्या कॅम्पात आज एक म्हातारा वारला म्हणून अकोल्याच्या जठारपेठेत दुसरा वारत नाही. म्हणून आयुर्विम्याच्या धंद्यात सरासरीवर विसंबता येतं. पाऊस असा वागतो का? ऑगस्टमध्ये खंड पडला तर दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर सगळीकडे एकदमच पडतो. सगळ्या मंडळांचे पैसे एकाच वर्षी द्यावे लागतात. मग तिजोरीत किती हवे? कंपनी बुडण्याची शक्यता किती? तुला ज्या सीएम2 आणि सीएस2 पेपरांची भीती वाटते ना, त्यांत हेच असतं. तुझ्या वावराचंच गणित आहे ते, इंग्रजीत लिहिलेलं.

हे मंडळाचं प्रकरण तरी कोणी काढलं? अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी, 1970च्या दशकात. एकेक शेत मोजत बसलात तर विमा परवडणार नाही, आख्ख्या भागाचं उत्पन्न धरा, असं त्यांनी मांडलं. कापणी प्रयोगामागचं नमुना निवडीचं शास्त्र पानसे आणि सुखात्मे यांनी घडवलं. त्यांचं 1954चं पुस्तक अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या पोरांना ठाऊक असतं, तुला नाही. तेव्हा हा मराठी माणसाचा प्रांत नाही असं माझ्यापुढे बोलू नकोस. या पद्धतीत शेजारच्या गावात पीक आलं म्हणून तुमचं बुडालेलं वावर कोरडंच राहतं, हा तिचा दोषही खरा आहे. पण तो दुरुस्त करायलाही आकडेमोड येणारं कोणी तरी लागेलच ना?

यात माझाही गुन्हा आहे, तो सांगून टाकतो. अ‍ॅक्च्युअरियल सोसायटी ऑफ इंडिया 1944पासून होती. 2006च्या कायद्यानं तिची आजची इन्स्टिट्यूट झाली. आणि मी वर्गात पॉयसन वितरण शिकवताना टेलिफोनच्या कॉलची उदाहरणं देत राहिलो. कितीतरी हुशार पोरं बी.एड. करून विनाअनुदानित शाळेत अडकली. एका शब्दानं मी त्यांना हे सांगितलं नाही. म्हणून तुझ्यावर जरा जास्तच ओरडतोय, ते ऐकून घे.

आता त्या फ्लेक्सचं. कायद्यानं अ‍ॅक्च्युअरी म्हणजे संस्थेचा फेलो. विद्यार्थी सभासदालाही ते नाव लावता येत नाही, आणि तू तर अजून तोही नाहीस. सभासद नसताना सभासद म्हणवणाऱ्याला दंड आहे त्या कायद्यात. हसू नकोस. उद्या सभासद झालास की संस्थेची आचारसंहिता तुला पहिल्या दिवसापासून लागू होते, फेलो झाल्यावर नव्हे. ज्याच्या सहीवर लोकांच्या म्हातारपणाचे पैसे अवलंबून राहणार, त्यानं भिंतीवर एक आणि खरं एक असं चालत नाही.

पहिला पेपर सीएस1 दे. त्याचा एक भाग कॉम्प्युटरवर, आर ही संगणकभाषा वापरून सोडवायचा असतो. तुझ्या लॅपटॉपमध्ये आर आहे? नाही. क्रिकेटचा गेम आहे, मला माहीत आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते. नापास होशील. मोठमोठे झालेत. नापास झालास तर निकाल घेऊन माझ्याकडे ये, लपवू नकोस. फेलो व्हायला वर्षं लागतील, हे बाबांना मी नाही, तू सांगायचं, ओसरीत त्यांच्यासमोर बसून.

चहा आला. पी. मग त्या टेबलावर लॅपटॉप उघड आणि माझ्यासमोर अर्ज भर. मार्कशीटवर आणि आधारवर नाव वेगळं असेल तर आजच सांग, शेवटच्या आठवड्यात रडत येऊ नकोस. आणि फ्लेक्स आज संध्याकाळीच उतरव. फाडू नकोस, कापड चांगलं जाड आहे. सोयाबीनच्या गंजीवर टाकायला होईल. आभाळ आलंय.